जॉर्जियन व्यंगचित्रांत नाटकवाले आणि बेलीफ सारखे एकत्र का?

तुम्ही विचारलंय की जॉर्जियन काळातल्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीच्या, लंडनच्या छापील व्यंगचित्रांत नाटक आणि कर्जवसुली सारखी हातात हात घालून का येतात, आणि बघायला सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर एकच, इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थचं 'अ रेक्स प्रोग्रेस', १७३५ ची ८ चित्रांची मालिका, आणि त्यातलंही सातवं चित्र नीट झूम करून बघा.

मालिकेचा नायक, बापाची इस्टेट उडवलेला टॉम रेकवेल, चौथ्या चित्रातच बेलीफच्या, म्हणजे कर्जदाराला धरून नेणाऱ्या कोर्टाच्या माणसाच्या, हाती लागतो, तेही राणीच्या वाढदिवसाला नटूनथटून राजवाड्याकडे निघालेला असताना, भर रस्त्यात. तेव्हा त्याची जुनी प्रेयसी पैसे भरून सोडवते. सातव्यात मात्र तो फ्लीटच्या, म्हणजे लंडनमधल्या कर्जदारांच्या, तुरुंगात पोचलाय, बायको अंगावर ओरडतेय, जेलर पैसे मागतोय, बियर आणणारा पोरगासुद्धा आधी पैसे दे म्हणतोय, आणि टेबलावर बघा, टॉमने लिहिलेलं नाटक आणि सोबत चिठ्ठी, की तुमचं नाटक वाचलं, चालणार नाही, खाली जे. आर. म्हणजे कॉव्हेंट गार्डन थिएटरचा मालक जॉन रिच. कर्ज फेडायला नाटक लिहायचं हा वेडेपणा नव्हता हो, तिसऱ्या प्रयोगाचं उत्पन्न लेखकाला मिळायचं आणि १७२८ ला 'बेगर्स ऑपेरा' या संगीत नाटकाने पहिल्याच सीझनला ६२ प्रयोग केले होते, तेही याच रिचकडे! म्हणून ती चिठ्ठी इतकी मनाला लागते.

आणि होगार्थला हे ऐकून माहीत नव्हतं, त्याचे वडील कर्जापायी फ्लीटमध्येच होते. मला तरी वाटतं त्या चित्रात कुणाची टिंगल नाहीये, राग आहे. धनको शपथेवर तक्रार करून खटल्याचा निकाल लागायच्या आधीच माणसाला धरून नेऊ शकायचा, आणि आत गेल्यावर कमावणार कुठून?

मग पुढच्या पिढीतल्या व्यंगचित्रकार जेम्स गिलरेकडे वळा. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरचा मालक, नाटककार शेरिडन कायम कर्जात, त्याचं 'पिझारो' हे नाटक जोरात चालल्यावर १७९९ मध्ये गिलरेने त्याला टोपीभर गिन्यांकडे, म्हणजे सोन्याच्या नाण्यांकडे, खूश होऊन बघताना काढलाय. तो खासदार होता म्हणून कर्जासाठी अटक करता येत नव्हती. १८०९ ला थिएटर जळलं, १८१२ ला खासदारकी गेली आणि पुढच्याच वर्षी त्याला कर्जापायी उचललं. ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर गिलरे आणि शेरिडन ही दोन नावं टाकून शोधा, मोठ्या साइजमध्ये फुकट बघता येतात.