काकूंना विचारा : मे महिन्यात मारवाडात जेवायला

प्रश्न : काकू, मी शाळेत शिकवते, त्यामुळे मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यातच. मिस्टर, मी, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 68, बीपीची गोळी चालू) असे आठ दिवस जोधपूर, जैसलमेर, बिकानेरला निघालोय. किल्लेही बघू, पण खरं सांगायचं तर जातोय खायला. मिस्टरांनी चाळीस पदार्थांची यादी केलीय. शेजारचे म्हणतात, मेमध्ये वाळवंटात? डोकं ठिकाणावर आहे ना? पोटाची आणि बॅगेची तयारी कशी करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अगं, शेजारचे चुकीचं बोलत नाहीयेत. पण तिकिटं काढली असतील, तर आता डोकं नाही, पोट ठिकाणावर ठेवायचं.

आधी त्या यादीला कात्री लाव. चाळीस पदार्थ आठ दिवसांत म्हणजे दिवसाला पाच, तेही तुपातले. मी अशीच यादी घेऊन गेले होते. पहिल्याच सकाळी जोधपूरच्या घंटाघरापाशी मिरचीवडा, त्यावर पाकात बुडवलेली मावा कचोरी, त्यावर चमच्याने खावी लागते ती माखनिया लस्सी, आणि अकरा वाजता मेहरानगड चढायला! अर्ध्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी. उरलेला दिवस लॉजच्या पंख्याखाली ओआरएस पीत काढला. रात्री आमच्या ह्यांनी माझ्या वाटचं लाल मांसही (लाल मिरचीतलं झणझणीत मटण) खाल्लं. ते अजून पाहुण्यांना ती चव वर्णन करून सांगतात.

जोधपूर-जैसलमेर रेल्वेच्या वाटेवर फलोदी लागतं. तिथे 19 मे 2016 ला 51 अंशांची नोंद झालीय. नाशकात पारा चाळिसावर गेला की आपण एकमेकींना फोन करकरून सांगतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेव. तळलेलं काय ते सकाळी नऊच्या आत, एका वेळी एकच. बारा ते चार खोलीत, आणि त्या वेळी ताक, फुलका, किंवा राब मिळाली तर राब. बाजरीचं पीठ ताकात आंबवून, शिजवून ती करतात. आपल्याकडे बाजरी म्हणजे थंडीतली, उष्ण. तिकडे तीच ऐन उन्हाळ्यात पितात. दाल-बाटी, लाल मांस ही जड मंडळी सूर्य मावळल्यावर, आणि नंतर बाजारातून पायी फेरी.

तयारी तीन आठवडे आधी सुरू कर. शरीराला ऊन अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुम्ही दोघं आणि मुलगा संध्याकाळी साडेपाचला जॉगिंग ट्रॅकवर थोडं थोडं चाला. सासूबाईंना त्यात ओढू नकोस. त्यांना आधी डॉक्टरांकडे ने. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हात ते महागात पडतं. ओआरएसमध्ये मीठ असतं, तेव्हा त्यांनी ते किती घ्यायचं हेही तिथेच विचार. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

ओआरएसच्या पुड्या इथूनच ने आणि मागचं बारीक वाच : काही लिटरभर पाण्यासाठी असतात, काही ग्लासभर. लिटरची पुडी ग्लासात कालवू नकोस. पुडी संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचा चमचा. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे, मुलगा कितीही हट्ट करो. गोळा, उसाचा रस, उघडा बर्फ यांना त्याच्यासाठी सरळ बंदी. आणि तांबट आळीतली तांब्याची बाटली मिरवत नेणार असशील तर तीत पाणीच भर. ताक कळकतं.

कपडे सुती, डोक्याला उपरणं. चिवड्याचे पुडे घरीच राहू देत, त्या जागी दोन रिकामे घट्ट झाकणाचे डबे टाक. ते येताना लागतील.

कारण मला त्या मुलखात सगळ्यात गंमत वाटली ती बाजारात. सांगरी, सांगरी म्हणून जिचं कौतुक, ती खेजडीची शेंग. आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी! आपण पानांची पूजा करतो, ते शेंगांची भाजी करतात. गुंदा म्हणजे आपलं लोणच्याचं भोकर. बिकानेरची भुजिया ज्या मोठच्या पिठाची, ती मोठ म्हणजे मटकी, तुमच्या रविवारच्या मिसळीतली. सासूबाईंना हे बाजारात दाखव. ‘परकं खाणं नको’ म्हणणारी माणसंसुद्धा ओळखीचं काही दिसलं की दोन घास जास्त जेवतात.

मे महिन्यात एक फायदाही आहे. केर नावाच्या फळाचा आणि सांगरीचा हंगाम साधारण तेव्हाच, ओली सांगरी दिसली तर सोडू नका. वाळलेली घेताना बारीक, कोवळी बघून घे. जाड, आत बी टच्च भरलेली शेंग जून असते. घेवर ही मिठाई मात्र श्रावणातल्या तीज सणाची, ती यादीतून आधी खोड.

आणि केर म्हणजे आपला केर-वारा नव्हे, काटेरी झुडपाची हिरवी गोटीएवढी फळं. घरी आणलेली वाळकी केरं रात्रभर ताकात भिजव, सकाळी दोन-तीन पाण्यांनी धू, मग सांगरीबरोबर तेलात परत. ताक टाळलंस तर ती कडूजहर लागतात, आणि मग मला तक्रारीचं पत्र येतं.