घराची जागा शोधताना नकाशा कसा वापरावा

क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर वापरून ठाणे-नवी मुंबईत घर शोधणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : घणसोली, कोपरखैरणे आणि वाशी स्टेशनपासून दहा मिनिटं चालत जाता येईल एवढा भाग हवा होता. ८०० चा बफर (बिंदूभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ) काढला, तर सगळा नकाशा एकाच रंगात बुडाला. काय चुकलं? (वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : आकडा बरोबर आहे, एकक चुकलं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावरून उतरवलेली लेयर (नकाशाचा एक थर) अक्षांश-रेखांशात, म्हणजे ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या मापनपद्धतीत असते. तिथे ८०० म्हणजे ८०० अंश, आणि आपल्याकडे एक अंश शंभर किलोमीटरहून मोठा. आधी ‘रीप्रोजेक्ट लेयर’ चालवून ती ईपीएसजी ३२६४३ मध्ये न्या. हा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा. ठाणे, नवी मुंबई, पनवेल सगळं त्यात येतं. खालच्या उजव्या कोपऱ्यातून प्रोजेक्टचं प्रोजेक्शन बदललं की झालं, असं अनेकांना वाटतं. त्याने फक्त दिसणं बदलतं, लेयर अंशांतच राहते.

बफर दुरुस्त झाला तरी या कामासाठी तो वापरू नका. वर्तुळाला रूळ, नाला, ठाणे-बेलापूर रोड यांतलं काहीच दिसत नाही. रुळांपलीकडची इमारत त्यात ३०० मीटरवर असते आणि भुयारी मार्गाने जायचं तर ९०० मीटर चालावं लागू शकतं. त्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा उतरवणाऱ्या क्विकओएसएम प्लगिनमध्ये ‘की’च्या रकान्यात हायवे (इंग्रजी स्पेलिंगने), व्हॅल्यू रिकामी, असं देऊन सगळे रस्ते उतरवा. मोटरवे (द्रुतगती मार्ग) गाळा, फूटवे आणि स्टेप्स ठेवा, कारण पादचारी पूल आणि जिने त्यांतच असतात. रस्त्यांची लेयरही ३२६४३ मध्ये न्या, मग प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं ‘सर्व्हिस एरिया (फ्रॉम लेयर)’ चालवा आणि ट्रॅव्हल कॉस्ट (इथे चालण्याचं अंतर, मीटरमध्ये) ८०० ठेवा. मिनिटाला ८० मीटर हा साधारण चालण्याचा वेग. दिशेचा रकाना रिकामा सोडा, नाहीतर पायी माणसालाही वन-वे लागू होतो.

सुरुवातीचा बिंदू मात्र स्वतः टाका. ओपनस्ट्रीटमॅपवर स्टेशनचा बिंदू बहुधा मधोमध असतो आणि लोक फलाटाच्या टोकाकडूनही बाहेर पडतात. प्रत्येक दाराला एक बिंदू द्या. निकाल रेषांच्या रूपात येतो. त्यांना ४० मीटरचा बफर दिला की लगतच्या इमारती कळतात (बफरचा खरा उपयोग इथे). रेषा मध्येच तुटली, तर दोन रस्त्यांची टोकं जुळलेली नाहीत असं समजा. टोपोलॉजी टॉलरन्स (किती फटीपर्यंत टोकं जुळलेली धरायची ते अंतर) १ मीटर करून पाहा. सोसायट्यांची कायम बंद असलेली गेटं नकाशावर बहुधा नसतात, ती जागेवरच बघावी लागतात.

प्रश्न : उंचीच्या मोफत डेटात एक इमारत ३ मीटरवर दिसते, दुसरी ६ वर. दुसरीत पाणी भरणार नाही असं धरू का? (वाचक, कामोठे)

उत्तर : धरू नका. एसआरटीएम किंवा कोपर्निकस या उपग्रह-रडारवरून केलेल्या उंचीच्या ३० मीटर डेटात ३० मीटर बाजूच्या एका चौकोनाला एकच आकडा असतो, त्यात इमारतींची आणि झाडांची उंची मिसळलेली असते आणि चूक सहज काही मीटरची असू शकते. भराव घातलेल्या सपाट नोडमध्ये (नवी मुंबईतल्या कामोठ्यासारख्या आखीव वसाहतीत) ३ आणि ६ मधला फरक त्या चुकीतच बुडतो. घोडबंदरला येऊरच्या उताराखाली हाच डेटा डोंगर कुठे चढतो ते नीट सांगतो. पण इमारतीमागे उभा कापलेला कडा ३० मीटरच्या चौकोनात सपाट होऊन जातो. तो डोळ्यांनीच पाहा.

कामोठ्यासाठी गूगल अर्थ प्रोमधली जुनी उपग्रहचित्रं जास्त उपयोगी. तुमचा प्लॉट सर्वांत जुन्या स्पष्ट चित्रात काय होता, खाजण, मिठागर, भातशेत की खाडीचा फाटा, ते बघा आणि जुना प्रवाह रेषेने गिरवून ठेवा. मग नाले आणि होल्डिंग पॉन्डपासूनचं (पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांपासूनचं) अंतर मोजा. भरतीला या तळ्यांचे झडपेचे दरवाजे मिटतात. त्याच वेळी मुसळधार पाऊस झाला, तर आतल्या पाण्याला ओहोटीपर्यंत वाट नसते. म्हणून जागा पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये ४.५ मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवशी जा आणि तळमजल्याच्या दुकानदारांना विचारा.

प्रश्न : उलव्यात विमानांच्या आवाजाचा अंदाज नकाशावर येईल का? (वाचक, नेरूळ)

उत्तर : उतरणाऱ्या विमानांचा येतो. उपग्रहचित्रावर नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीची मध्यरेषा काढा आणि ‘एक्स्टेंड लाइन्स’ने ती दोन्ही टोकांना १०,००० मीटर वाढवा. विमान साधारण ३ अंशांच्या कोनात उतरतं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. रेषेखाली धावपट्टीपासून ५ किलोमीटरवर ते जेमतेम २६० मीटर उंच असतं. उड्डाण घेतलेली विमानं वळतात, त्यांना ही रेषा लागू नाही.

प्रश्न : शाळा, दवाखाना, बाजार, मेट्रो यांना गुण देऊन बेरीज केली. पहिला नंबर खाडीलगतच्या तुकड्याचा आला! (वाचक, कासारवडवली)

उत्तर : कारण जागा बाद करणारी गोष्ट बेरजेने ठरत नाही. जवळची शाळा कांदळवनाची भरपाई करू शकत नाही. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार १,००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. अशा जागांना ०, बाकीच्यांना १ द्या आणि रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (चौकोनांच्या नकाशांवर गणित करणारं साधन) एकूण गुणांना त्याने गुणा. सीआरझेडची रेषा मंजूर नकाशावरून घ्या, उपग्रहचित्रावरच्या हिरव्या रंगावरून नको.

मेट्रोचं गणित दोनदा करा : एकदा सगळी स्टेशनं धरून, एकदा फक्त गाडी थांबते तीच धरून. ओपनस्ट्रीटमॅपवर बांधकाम चाललेले मार्ग ‘कन्स्ट्रक्शन’ या खुणेने वेगळे असतात, त्यामुळे गाळणं सोपं आहे. मेट्रो काढल्यावर जी जागा पहिल्या तिनांतून थेट खाली जाते, तिथे आजचा भाव उद्याच्या स्टेशनचा आहे. घासाघीस त्या हिशेबाने करा.