लेखनिकाची विचारणा प्रवेशाच्या दिवशीच करा

ताई, आपल्या अल्पदृष्टी असलेल्या मुलीसाठी इंदूरमध्ये महाविद्यालय शोधताना सर्वांत आधी तिचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाची टक्केवारी नोंदवलेले सरकारी ओळखपत्र, तयार ठेवा, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान ५ टक्के आरक्षण आणि वयोमर्यादेतील ५ वर्षांची सवलत ही ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांनाच मिळते.

त्यानंतर संस्थेत स्वतः जाऊन चौकशी करा. येथील फलकांवर ‘समान अवसर प्रकोष्ठ’ किंवा ‘दिव्यांग प्रकोष्ठ’ अशी हिंदी नावे असतात; प्रकोष्ठ म्हणजेच कक्ष. आपण मराठी माणसे मात्र ‘कक्ष’ शोधत फिरतो. असा विभाग नसल्यास दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयींची जबाबदारी कोणाकडे आहे ते प्राचार्यांना विचारा आणि त्या व्यक्तीचे नाव लिहून घ्या.

नवख्या पालकांची सर्वांत मोठी चूक म्हणजे परीक्षेपर्यंत थांबणे. मीही माझ्या मुलाला लेखनिक, म्हणजे त्याने सांगितलेली उत्तरे परीक्षेत लिहून देणारी व्यक्ती, मिळावा म्हणून अर्ज परीक्षेच्या आठ दिवस आधी दिला होता आणि त्या आठवड्यात अभ्यासापेक्षा धावपळच अधिक झाली. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्यास दर तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे, तरी त्यासाठी लेखी अर्ज आधीच द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी ‘हो जाएगा’ यावर विसंबू नका.

मुलीला सोबत न्या, आणि तिला काय हवे ते तिलाच बोलू द्या. शिष्यवृत्ती व उपकरणांचे नंतर पाहू.