भट्टीचं कोटेशन नंतर, आधी संध्याकाळचे व्होल्ट मोजा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. जिंतूरजवळ शेतात शेड आहे, आजवर आव्यात, कुंभाराच्या साध्या भट्टीत, दिवे, कुंड्या, पोळ्याचे बैल भाजले, आता स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजून पक्क्या होणाऱ्या मातीच्या, कपबश्या करायच्यात, जमलं तर काचेचं पण थोडं, म्हणून 300 लिटरची फ्रंट लोडिंग (पुढून दार असलेली) इलेक्ट्रिक भट्टी बघायलात. दोन कोटेशनं आलीत, 15 किलोवॅटची स्वस्त आणि 24 ची महाग. आणि सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंय की थ्री फेजचं वायरमन बघून देतो म्हणालाय. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसले.

टॉप लोडिंग का फ्रंट, यात मी पडत नाही. तुमचं ठरलंय ते बरोबरय, तोंड वर असलेल्या मोठ्या भट्टीत वाकून खालच्या थरात माल लावायला लागलं की कंबर जाते. कोन (ठराविक उष्णतेला वाकणारे मातीचे सुळके), बिस्क (लेपाआधीची पहिली भाजणी), ग्लेझ (काचेसारखा चकाकता लेप) हे पण सांगत बसत नाही. आणि मी इलेक्ट्रिशियन नाही, मातीतली बाई आहे, तेव्हा वायरिंगचं जे काही लिहीन ते लायसनवाल्या काँट्रॅक्टरला विचारूनच करा.

आमची पण 24 किलोवॅटचीच आहे. लातूर जिल्ह्यात, गावाचं नाव नको, वीज ऑफिसचं तर नकोच. लोडसाठी अर्ज दिला, कागदपत्रं दिली, सातबारा, ग्रामपंचायतीचं पत्र, सगळं. वीज ऑफिसाचं रीतसर कोटेशन निघालं, त्यावर लोड 24 किलोवॅट स्पष्ट लिहिलेला, पैसे भरले, पावती घेतली, काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडला. आता माणूस यानंतर भट्टीची ऑर्डर देणार का नाही? दिली. बनवणारा ऑर्डर घेतल्यावर बनवायला घेतो, तयार माल गोदामात पडून नसतो. भट्टी आली, क्रेनने उतरवली, आणि मग ऑफिसातून कळलं की त्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) एवढा लोड बसत नाही.

पैसे घेताना बसत होता, मीटर द्यायच्या वेळी बसत नव्हता!

आमच्या गावची डीपी 63 केव्हीएची, केव्हीए म्हणजे ढोबळमानाने किलोवॅटच धरा. एकट्या भट्टीचा लोड तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, हे गणित पाचवीतलं पोरगं करील, मग कोटेशन काढणाऱ्याला का आलं नाही? विचारलं तर म्हणे साहेब बदललेत, नवीन सर्व्हे होईल. सर्व्हे झाला. मग म्हणे मोठी डीपी बसवावी लागेल, तुमच्या खर्चाने करता का. लेखी द्या म्हटलं तर लेखी कोणी देईना. फाईल तालुक्याहून वर गेली, वरून एक शेरा घेऊन खाली आली, तो शेरा काय होता तर अर्जावर वापराचा प्रकार नीट नाही, व्यापारी का औद्योगिक ते लिहा. ते लिहून दिलं तर पुन्हा पहिल्या टेबलावर. एका टेबलावर साहेब मिटिंगला, दुसऱ्यावर सर्व्हर डाऊन, तिसऱ्यावर "ताई, एवढा मोठा व्याप करता कशाला, घरगुती मीटरवरच लोड वाढवून घ्या ना". घरगुती सिंगल फेजवर 24 किलोवॅट! त्या माणसाला मी हसले पण नाही, हसायची ताकद राहिली नव्हती.

तोवर दिवाळी गेली. पुण्याच्या एका दुकानाची दिव्यांची ऑर्डर हातची गेली, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर. भट्टी ताडपत्रीखाली, पाऊस, विटांनी ओल धरली. तेरच्या संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती ठेवल्यात, आपल्या मुलखातल्याच, त्या भाजणाऱ्याला कोणाची सही लागली नव्हती, एवढं मात्र त्या दिवसात रोज मनात यायचं.

फाईल हलली ती तक्रार टाकल्यावर. वीज कायदा 2003 च्या कलम 43 मधी आहे की अर्ज पूर्ण दिल्यापासून महिन्याच्या आत पुरवठा द्यायचा, नवी लाईन किंवा डीपी लागत असेल तर मुदत वाढते. आणि कलम 42 प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवणं वीज वितरण करणाऱ्याला बंधनकारक आहे. मंचाकडं जायला वकील लागत नाही, मी साध्या कागदावर तारखा लिहून दिल्या. तारखा होत्या म्हणून बरं. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि नंबर घ्या, ते "राहू द्या, आपल्या माणसासारख्या तुम्ही" म्हणायले तरी घ्या, म्हणायले तर हमखास घ्या.

तर माझं म्हणणं असं की 15 का 24 हा प्रश्न आत्ता विचारायचाच नाही. आधी तुमच्या शेडपर्यंत किती वीज खरोखर येते ते बघा आणि तेवढ्यात बसणारी भट्टी घ्या. लोक उलटं करतात, लिटर ठरवतात, मग किलोवॅट, मग वायरमनच्या मागं फिरतात.

पहिली गोष्ट, तुमची शेड कुठल्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनहून येणाऱ्या कुठल्या लाईनवर आहे? शेतीच्या फीडरवर असेल तर विषयच संपला. तिथं थ्री फेज ठराविक तासच असतो, तो पण पाळीने, कधी दिवसा कधी रात्री. स्टोनवेअरचं ग्लेझ फायरिंग (भाजणी) चढायलाच आठ ते बारा तास घेतं. नवव्या तासाला थ्री फेज गेला की भट्टी 1150 अंशांवरून खाली यायला लागते आणि तुम्ही दाराबाहेर बसून आकडा उतरताना बघत राहायचं. गावठाण फीडरवरून लाईन आणता येते का, किती खांब लागतात, त्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. तो खर्च कधी कधी भट्टीच्या किमतीला भिडतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. हे कोणी सप्लायर सांगत नाही, कारण त्याच्या वर्कशॉपला पूर्ण 230 येतात. कॉइलची, म्हणजे भट्टी तापवणाऱ्या तारेची, ताकद व्होल्टच्या वर्गाप्रमाणे बदलते. 230 च्या जागी 190 आले तर माणसाला वाटतं सतरा-अठरा टक्के कमी, पण ताकद 68 टक्क्यांवर येते. म्हणजे 24 ची भट्टी सोळाची होते आणि तुमची 15 वाली दहाची. 300 लिटरला 1250 पर्यंत न्यायला 22 ते 27 किलोवॅट तरी हवेत. दहात ती 1100 च्या आसपास चढते आणि तिथंच रेंगाळते, युनिटं जळतात, ग्लेझ पिकत नाही, कॉइलचं आयुष्य जातं ते वेगळंच. लोक मग ग्लेझवाल्याला शिव्या देतात.

तेव्हा साधा मल्टीमीटर घ्या, संध्याकाळी सात ते नऊ मधी मोजा, रब्बीच्या पाण्याच्या दिवसात मोजा, तिन्ही फेजवर वेगवेगळं मोजा. दुपारी बाराचा आकडा धरून काही ठरवू नका. कमी येत असेल तर बनवणाऱ्याला आधीच सांगा की 200 व्होल्टला पण तापमान गाठलं पाहिजे, तो कॉइल तसं काढून देतो, फक्त मग पूर्ण 230 आले तर करंट वाढतो, केबल आणि कॉन्टॅक्टर (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) त्या हिशोबाचे लागतात. 24 किलोवॅटला पूर्ण व्होल्टला फेजला साधारण 35 अँपिअर येतात, केबल निदान 10 स्क्वेअर एमएम तांब्याची, अंतर जास्त असेल तर त्याच्याही वरची. शेतातल्या मोटारीची उरलेली ॲल्युमिनियमची वायर लावू देऊ नका, आपल्याकडं हे फार चालतं.

आता तुमच्या दोन कोटेशनांबद्दल. तुमचं सत्तर टक्के काम अजूनही दिवे, बैल, कुंड्या राहणार असेल तर ते 950 ते 1050 मधलं काम आहे आणि व्होल्ट नीट असतील तर 15 वाली हळूहळू का होईना करते. तिला वाईट म्हणत नाही. पण त्याच भट्टीत कपबश्या होतील असं सप्लायर म्हणत असेल तर त्याला 1240 चं फायरिंग भरलेल्या भट्टीत तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा, रिकाम्या भट्टीत नाही. रिकामी कोणतीही चढते. आणि खरं विचाराल तर मी तुमच्या जागी 300 घेतलीच नसती. 200 लिटर, 18 किलोवॅट. डीपीवर बसायची शक्यता जास्त, आणि नव्या धंद्यात 300 भरायला लागणारा माल जमेपर्यंत ग्लेझ लावलेले कप धूळ खातात. काही जण माझ्याशी भांडतील, भांडू द्या.

एक अजून, तुमची गावची लाल माती चुकून सुद्धा 1240 ला घालू नका. ती फुगते, मग वितळून भट्टीतल्या शेल्फला चिकटते आणि कॉर्डिएराइटचं (उष्णता झेलणाऱ्या सिरॅमिकचं) शेल्फ काय भावाला येतं ते तुम्हाला कळेलच. आधी वाटीएवढा तुकडा भाजून बघा, खाली दुसरी बशी ठेवून.

गॅसचं पण बघा म्हणणारे येतील खाली कमेंटमधी. गॅसला डीपी लागत नाही हे खरंय. पण मोठ्या भट्टीला 19 किलोचा एक सिलिंडर पुरत नाही, जास्त ओढलं की तो बाहेरून गोठतो, दोन-तीन जोडून घ्यावे लागतात, आणि ज्योत समजायला हाताखाली वर्षं जातात. मला विजेचीच सवय, तेव्हा गॅसवाल्यांनी त्यांचं सांगावं.

जागेबद्दल कोणी विचारत नाही म्हणून सांगते. फ्रंट लोडिंगचं सगळं दारावर आहे. एवढी भट्टी विटांसकट टनाच्या घरात जाते, आणि आपली काळी रेगड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर नुसती फरशी टाकून भट्टी ठेवली तर वर्षा-दोन वर्षात चौकट पिळते, दार एका कोपऱ्यात बसत नाही, तिथून उष्णता निघते, खालचा पुढचा थर कच्चा राहतो, आणि आपण कंट्रोलरला (तापमान सांभाळणाऱ्या यंत्राला) दोष देतो. काळी माती काढून टाका, मुरूम भरून दाबा, मग काँक्रीट, आणि भट्टी ठेवताना पाणलेव्हल लावा. दाराचे बिजागर जाड, पुढं-मागं करता येणारे हवेत. दारात पण कॉइल असली तर उत्तम, नसली तर पुढची बाजू कायम थंड. दार उघडलं की लाईन कट करणारा स्विच हवाच, तो नसेल तर कोटेशन बाजूला ठेवा, कितीही स्वस्त असू दे.

कंट्रोलरमधी दोनच गोष्टी बघते मी. थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारी तार) एस किंवा आर टाइपचं, के टाइप स्टोनवेअरच्या तापमानाला हळूहळू चुकीचं दाखवायला लागतं आणि चूक कळत नाही. दुसरं, एसएसआर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला असेल तर तो बिघडताना बहुतेक वेळा चालू अवस्थेत अडकतो, म्हणजे भट्टी बंदच होत नाही. म्हणून वर वेगळा कॉन्टॅक्टर आणि वेगळं ओव्हर टेंपरेचर कटऑफ लागतं. सप्लायर म्हणतो गरज नाही. गरज आहे. कंट्रोलरला छोटा यूपीएस, आणि लाईट जाऊन आल्यावर जिथं होता तिथून पुढं चालणारा प्रोग्राम, आपल्याकडं याशिवाय भागत नाही. कोन मात्र प्रत्येक फायरिंगला आत ठेवाच, आकड्यावर विश्वास नको.

आतल्या अस्तरात सिरॅमिक फायबर असेल तर ते हाताळताना एन 95 मास्क लावा, पोरं आसपास नकोत. नवीन भट्टी पहिल्यांदा रिकामी हळू तापवा, 1050 च्या आसपास, कॉइलवर ऑक्साइडचा थर बसायला. आणि ओल धरलेली असेल, आमच्यासारखी, तर त्याच्याही आधी दार किलकिलं ठेवून शंभराच्या आसपास पुष्कळ वेळ, वाफ निघायची थांबेपर्यंत. घाई केली तर विटा तडकतात.

काचेचं थोडक्यात: या भट्टीत करू नका. काचेला उष्णता वरून हवी, तुमच्या भट्टीत ती बाजूंनी येते, कडा आधी तापतात आणि तडकतात. शिवाय 500 च्या आसपास बराच वेळ धरून मग सावकाश थंड करावं लागतं, तोवर तुमची मोठी भट्टी अडकून पडते. छोटी, बुटकी, झाकणात कॉइल असलेली वेगळी घ्या, ती सिंगल फेजवर पण चालते.

पैशाचं विचारलं नाहीत तरी, पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या सरकारी योजनेमधी कुंभारकाम आहे, टूलकिटचे 15,000 आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं. भट्टीला ते पुरणार नाही पण चाकाला, शेल्फला होतं. मोठी रक्कम हवी असेल तर पीएमईजीपी, म्हणजे नवीन धंद्याच्या कर्जाला अनुदान देणारी सरकारी योजना बघा. दोन्हीकडं कर्ज मंजूर झालं म्हणून लगेच उचलू नका, हप्ता सुरू होतो आणि मीटर मात्र आलेलं नसतं.

सध्या भट्टीवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका. तुमची डीपी किती केव्हीएची आहे ते तिच्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, लांबूनच बघा, हात लावू नका. तो आकडा, फीडर कोणता ते, आणि संध्याकाळचे तिन्ही फेजचे व्होल्ट इथं टाका, मग बघू 18 बसते का 24.