औषध कुणाच्या हातून घ्यावं?

प्रश्न : आईला न्यूमोनिया झाला म्हणून सोलापुरातल्या एका खाजगी रुग्णालयात ठेवलं होतं. रात्रपाळीत एक मुलगा सलाईनच्या नळीतून इंजेक्शन देऊन जायचा. तो वॉर्डबॉय होता, हे नंतर कळलं. गोळ्या मावशी उशाशी ठेवून जायच्या. हे चालतं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चालत नाही. दाखल रुग्णाला औषध द्यायचं ते डॉक्टरांनी किंवा त्यांच्या लेखी आदेशावरून नर्सने. नर्स म्हणजे नुसता पांढरा गणवेश नव्हे. नर्सिंगचं मान्य शिक्षण हवं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही हवी. शिकाऊ नर्सने द्यायचं असेल, तर नोंदणीकृत नर्स शेजारी उभी हवी. वॉर्डबॉयने सिलिंडर आणावा, स्ट्रेचर ढकलावा. मावशींनी पाण्याचा पेला द्यावा, गोळी नाही.

वॉर्डबॉयचा हात सराईत असेलही, पण अडचण टोचण्यात नसते. न्यूमोनियात बऱ्याचदा देतात ते सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिकच पाहा. ते शिरेतून सावकाश, २ ते ४ मिनिटांत द्यायचं असतं. नळीत रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन चालू असेल, तर त्यातल्या कॅल्शियमशी मिळून कण धरतात. म्हणून दोन्ही एकत्र देत नाहीत. पोटॅशियम क्लोराईडची १० मिलीची कुपी पातळ न करता थेट शिरेत गेली, तर हृदय थांबू शकतं. आणि इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, धाप लागली, तर ती रिॲक्शन आहे हे देणाऱ्याला तिथल्या तिथे ओळखता यायला हवं. प्रौढांना अशा वेळी ०.५ मिलीग्रॅम ॲड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत लगेच द्यावं लागतं. डॉक्टरांना शोधायला निघालेला मुलगा तिथे कामाचा नाही.

उशाशी ठेवलेल्या गोळीचं वेगळंच होतं. कागदावर ‘दिली’ अशी नोंद होते आणि गोळी उशीखाली सापडते. रुग्णाने ती गिळलेली पाहायची, मगच सही करायची.

देण्याआधी नाव विचारायचं. खाटेच्या नंबरावर औषध देऊ नये, कारण खाटा बदलतात. ‘तुम्ही अंबूबाई ना?’ असंही विचारू नये. आपल्याकडे पूर्व भागातल्या आजी घरी तेलुगू बोलणाऱ्या, अक्कलकोटकडच्या कन्नड; ऐकू आलं न आलं तरी मान डोलावून मोकळ्या. ‘तुमचं नाव सांगा’ म्हणावं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावं.

झालं त्याचा छडा लावायचा असेल, तर केसपेपरच्या प्रती मागा. ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. औषधांच्या तक्त्यावर रात्रीच्या डोसपुढे कुणाची सही आहे, ते आधी पाहा. शहरातल्या खाजगी रुग्णालयाची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते.

प्रश्न : रुग्णालयातल्या मेडिकलमधल्या फार्मासिस्टने इंजेक्शन दिलं तर?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ते त्याचं काम नाही. चिठ्ठी तपासून औषध काढून देणं त्याचं. १९४८ च्या फार्मसी कायद्याने ते त्याच्याकडे राखून ठेवलंय. टोचणं नर्सकडे.

प्रश्न : वडिलांना मी घरी इन्सुलिन देतो. रुग्णालयातही सिस्टर म्हणाल्या, ‘तुम्हीच द्या.’ देऊ का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : देऊ नका. दाखल असताना साखर खालीवर होते, डोस रोज बदलतो. तुम्ही दिलेला डोस तक्त्यावर चढला नाही, तर पाळी बदलल्यावर दुसरी सिस्टर पुन्हा देईल. घरून आणलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. ब्रँड वेगळा, औषध एकच, आणि पोटात जातात दोन. पिशवी सिस्टरकडे सोपवा.

सिरिंजचा घोळ तर नेहमीचा. एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिट असलेल्या बाटलीला नारिंगी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर जातात फक्त ८ युनिट. उलट १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतलं, तर ५० जातात आणि साखर कोसळते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं, तर आधी सिस्टरला हाक मारा. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका.

तुम्ही करण्यासारखं एकच : ताटातलं किती जेवले, ते इन्सुलिन देणाऱ्या सिस्टरला सांगा. ताट यायला उशीर होत असेल, तर तेही इंजेक्शनच्या आधी सांगा.