काळेपणा वाढवणारा कॅमेरा

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतील छायाचित्रकार झानेले मुहोली यांची स्वतःचीच काढलेली काही छायाचित्रे पाहण्यात आली. त्वचा इतकी काळीभोर दिसते की रंग फासला असावा, अशी शंका येते. माझ्या स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर आम्ही चेहरे उजळून देतो. येथे नेमके काय केले आहे, आणि कशासाठी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रंग फासलेला नाही. कृष्णधवल छायाचित्रातील कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद भागांतला फरक) नंतर मुद्दाम वाढवून त्वचा प्रत्यक्षापेक्षा गडद केलेली आहे, त्यामुळे डोळ्यांतला पांढरा भाग उठून दिसतो आणि नजर पाहणाऱ्यावर रोखली जाते. तुम्ही जे साधन उजळण्यासाठी वापरता तेच मुहोली उलट दिशेने वापरतात, आणि माझ्या मते ‘सोमन्यामा न्गोन्यामा’ या स्वचित्रांच्या मालिकेचे बळ त्यातच आहे : देखणेपणासाठी काळा वर्ण सौम्य करण्याची गरज येथे मुळीच मान्य केलेली नाही.

थाट फॅशनच्या छायाचित्रांचा असला, तरी अलंकार मात्र राबणाऱ्यांच्या जगातले आहेत. ‘बेस्टर १, मायोट’ (२०१५) या चित्रात केसांत आणि कानांत कपडे वाळत घालण्याचे चिमटे आहेत. बेस्टर हे मुहोलींच्या आईचे नाव. वर्णभेदाच्या राजवटीत या आईने एका गोऱ्या कुटुंबाकडे वर्षानुवर्षे घरकाम केले. ‘थुलानी २’मधील खाणकामगाराचा वेश दक्षिण आफ्रिकेतल्या मारिकाना येथे ऑगस्ट २०१२मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या ३४ संपकरी खाणकामगारांची आठवण देतो.

मुहोलींचा जन्म १९७२मध्ये डर्बनजवळच्या उमलाझी वस्तीतला, आणि शिक्षण जोहान्सबर्गच्या ‘मार्केट फोटो वर्कशॉप’मधले. २०२०मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. (गाजावाजा स्वचित्रांचाच अधिक होतो, हे थोडे अन्यायाचे आहे.) त्यांचे मूळ काम म्हणजे २००६पासून चालू असलेली ‘फेसेस अँड फेजेस’ ही कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींची व्यक्तिचित्रे. समलिंगी विवाहाला त्याच वर्षी त्या देशात कायद्याने मान्यता मिळाली, पण वस्त्यांमध्ये अशा व्यक्तींवर होणारे बलात्कार आणि त्यांचे खून थांबले नाहीत. म्हणून या माणसांचे अस्तित्व नोंदवून ठेवणे हे मुहोली आपले काम मानतात, आणि समोर बसणाऱ्याला ‘सहभागी’ म्हणतात.

तुम्ही व्यक्तिचित्रे काढत असाल, तर आधी ‘फेसेस अँड फेजेस’ हीच मालिका पाहावी. तिच्यात कॉन्ट्रास्ट इतका टोकाचा नाही, वेशभूषाही नाही. साध्या पार्श्वभूमीपुढे माणूस थेट कॅमेऱ्याकडे पाहतो आणि सावळ्या त्वचेतील छटा तशाच राखलेल्या दिसतात.