मधुमेहाची शिकवणी दूध संस्थेत

प्रश्न : भुदरगड तालुक्यातील आमच्या गावात मी महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. गटातल्या अकरापैकी चौघींच्या घरात कुणाला ना कुणाला शुगर आहे. शिबिरात तपासणी होते, आहाराचा छापील कागद मिळतो आणि तो देव्हाऱ्यामागे खोचला जातो. अमेरिकेत खेड्यांतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांसाठी गावातच मधुमेहाचे वर्ग चालवतात, असे मुलगा सांगतो. आपल्याकडे तसे जमेल का? आणि साखरेऐवजी गूळ चालतो, हे खरे का?

उत्तर : मुलगा सांगतो ते खरे आहे. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेलगत स्टार काउंटी नावाचा ग्रामीण आणि गरीब भाग आहे. तेथील बहुतेक लोक मेक्सिकन वंशाचे आहेत. तेथे 256 मधुमेहींना घेऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्ग स्पॅनिशमध्ये चालत, शिकवणाऱ्या परिचारिका आणि आहारतज्ज्ञ त्याच समाजातल्या असत, आणि रुग्णासोबत घरातले एक माणूसही वर्गाला बसे. पहिले बारा आठवडे दर आठवड्याला दोन तास आणि पुढे सुमारे सहा महिने पंधरवड्याने दोन तास; वर्षभरात एकूण 52 तास. सहा महिन्यांनंतर, वर्ग अजून सुरू न झालेल्या गटाच्या तुलनेत या लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 1.4 टक्के अंकांनी कमी भरली. तरीही ती दहा टक्क्यांच्या वर, म्हणजे जास्तच होती, हेही सांगायला हवे; वर्गामुळे औषध सुटत नाही.

या साऱ्यात मला मोलाचे वाटते ते सोबतचे माणूस. आपल्याकडे शुगर असते सासूबाईंना, दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसतो मुलगा आणि चुलीपुढे असते सून, जिच्यापर्यंत त्या बोलण्यातले ‘भात कमी करा’ एवढेच पोहोचते. म्हणून तुमच्या वर्गात रुग्णाइतकीच स्वयंपाक करणारीची हजेरी घ्या. त्यासाठी वेगळी जागा शोधायला नको. संध्याकाळी दूध घालायला बायका संस्थेत येतातच; संकलन आटोपल्यावर तिथेच अर्धा-पाऊण तास बसावे, मात्र भाताच्या लावणीचे आणि ऊसतोडीचे दिवस टाळून आखणी करावी. आशाताईंना सोबत घ्या. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेहाची तपासणी सरकारी योजनेत मोफत होते, तिची सुरुवात त्यांच्याच घरभेटीतून होते आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्या वर्गाला बोलावूही शकतील.

पहिला धडा हात धुण्याचा ठेवा. एका शिबिरात गुऱ्हाळावरून थेट आलेल्या गृहस्थांची साखर यंत्रावर 290 च्या पुढे दिसली आणि ते हबकलेच. साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून बोटाच्या कडेला पुन्हा टोचले, तेव्हा 160 भरली. वरची सगळी साखर बोटाला चिकटलेल्या काकवीची होती.

दुसरा धडा ताटाचा. तुमच्या भागात भाकरी झाल्यावर भात असतोच, आणि पोट भरते ते मुख्यतः भातावर. ‘भात सोडा’ म्हटले तर कुणी ऐकणार नाही, आणि तसे सांगूही नये. एके दिवशी नेहमीसारखे जेवून दोन तासांनी साखर मोजावी. दुसऱ्या दिवशी एक भाकरी, वाटीभर उसळ, कांदा-काकडी आणि भात एकच वाटी, असे जेवून पुन्हा मोजावी. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहिले की कागदाची गरज उरत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला बंदी नको. तेलाचा तवंग आणि सोबतचा भात आवरला म्हणजे झाले.

गुळाचे उत्तर कोल्हापुरात नाराजी ओढवणारे आहे, पण द्यायला हवे. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याची चव निर्विवाद आहे. तरी तो मुख्यतः उसाची साखरच असतो आणि रक्तातील साखर तितकीच वाढवतो. मधुमेह्याने चहात गूळ घालणे म्हणजे साखरच घालणे. त्याचा उपयोग होतो तो साखर उतरल्यावर. घाम सुटला, हात थरथरू लागले, यंत्रावर 70 च्या खाली आकडा आला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, नसेल तर गुळाचे पाणी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

पायांसाठी एक संपूर्ण बैठक ठेवाच. नवी कोल्हापुरी चप्पल चावते, हे कुणाला सांगायला नको. पण ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला ती चावलेली कळतच नाही, आणि फोड चिघळल्यावर चालण्यात फरक पडतो तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते. रात्री झोपताना घरातल्या कुणीतरी तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.

प्रश्न : आई दर सोमवारी उपवास करते. सकाळी शुगरची गोळी घेते आणि दुपारपर्यंत काही खात नाही. गेल्या सोमवारी तिला दरदरून घाम आला. काय करावे? (करवीर तालुका)

उत्तर : साखर उतरल्याचा संशय घ्यावा. फक्त मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर असे क्वचित होते, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला साखर उतरवणारे इन्सुलिन स्रवायला लावते. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. डॉक्टरांना भेटेपर्यंत उपवास मात्र थांबवावा. साबुदाण्याच्या खिचडीवर तो सोडणेही बरे नाही, कारण त्याने साखर एकदम चढते. डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठीसोबत गोळ्यांची पाकिटेही न्यावीत, कारण चिठ्ठीवर एक नाव आणि डब्यात दुसरेच, असे पुष्कळदा आढळते.